ग्रुपवर 'पोरं पळवणारी टोळी' फिरायलीय, ॲडमिन म्हणून मी काय करू?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

आमची जुळे सोलापुरात कॉलनी आहे, कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मेंबर असतील १८०-८५ आणि ॲडमिन मी. का मी, तर कोरोनात भाजीची गाडी कधी येणार हे कळवायला ग्रुप काढला तेव्हा मीच घरी रिकामा बसलो होतो. आता त्यावर पाणी कधी येणार (सोलापुरात दुसरा विषय काय असणार म्हणा), कुणाची किल्ली सापडली, वाढदिवसाचे केक, गुड मॉर्निंगची फुलं, एवढंच चालतं. म्हणजे चालत होतं.

गेल्या गुरुवारी रात्री साडेदहाला एक व्हॉइस नोट आली. "भावांनो लक्ष द्या, जिल्ह्यात टोळी शिरलीय, बायकांच्या, साधूंच्या वेशात फिरायलेत, पोरं उचलतात, किडन्या काढतात, पोलिसांनी सांगितलंय पण बातमी दाबायलेत." सोबत एक व्हिडिओ, मोटरसायकलवर दोघं येतात आणि गल्लीत खेळणारं पोरगं उचलून नेतात. ज्या काकांनी टाकलं ते रिटायर माणूस, आयुष्यात कुणाचं वाईट केलेलं नाही. तिथपर्यंत ठीक होतं. मग अर्ध्या तासानं दुसऱ्या एकानं एका बाईचा फोटो टाकला, लांबून काढलेला, "ही आपल्या भागात दिसली, लक्ष ठेवा."

ती बाई आमच्याकडं गुंतवळ घ्यायला येते ओ. विंचरल्यावर निघालेले केस घेते आणि त्यावर स्टीलची वाटी, चमचा, पोरांना फुगा देते.

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरच्या पोरांनी तिला अडवलं. गाठोडं रस्त्यावर उलटं केलं, केसांचा ढीग, वाट्या, फुगे. तिच्या कडेवर तिचंच दीड-दोन वर्षाचं लेकरू, तर म्हणे "हे कुणाचं सांग, पुरावा दे." पंधरा-वीस जण जमले, त्यातले निम्मे मोबाईल वर धरून शूटिंग करायलेले. माझी आई आवाज ऐकून चपला न घालता खाली गेली आणि ओरडली की अरे बारा वर्षं झाली ही माझ्या दारात येते, तिच्या लग्नाच्या आधीपासून. मग पांगले सगळे. एकानं तिचे केस परत भरून पण दिले, ते एक बरं. पण आई जर त्यावेळी बाजारात गेली असती तर? हेच डोक्यातून जाईना.

मी घरी येऊन दोन्ही मेसेज ॲडमिन म्हणून डिलीट मारले. तेव्हापासून भांडण. काका म्हणायलेत "सावध केलं तर काय गुन्हा केला का, तुला लेकरं झाल्यावर कळंल." फोटोवाला म्हणतोय हुकूमशाही आहे का. दोघं ग्रुप सोडून गेले आणि वेगळा ग्रुप काढला, तिथं तोच व्हिडिओ परत चालू.

तर विचारायचं हे की १) असा व्हिडिओ खरा का खोटा कसा बघायचा २) उद्या काय झालं तर ॲडमिन म्हणून मी अडकतो का ३) काकांना कसं समजवायचं, कारण ते खरंच घाबरलेत, नातू चार वर्षाचा आहे त्यांचा. का सरळ ॲडमिनपद सोडून देऊ?

---

कडक_भाकरी

सेटिंगमध्ये जा आणि 'फक्त ॲडमिन मेसेज करू शकतात' करून टाक बे. विषय संपला. पाणी कधी येणार ते तू टाकायचं, बाकीच्यांनी अंगठा द्यायचा.

आईला मात्र दंडवत.

---

नवीपेठ_मोबाईलवाला

कडक_भाकरी भाऊ, तसं केलं की विषय संपत नाही, तो दुसऱ्या ग्रुपवर जातो, वर लिहिलंयच की तसं झालंय म्हणून.

मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, दिवसातनं चार जण तरी "हे बघ रे खरं आहे का" म्हणून मोबाईल पुढं करतात, त्यामुळं सवय झालीय. तुम्ही सांगताय तो मोटरसायकलचा व्हिडिओ जर मी समजतोय तोच असेल तर तो सोलापूरचा तर नाहीच, भारतातला पण नाही. पाकिस्तानात कराचीत पोरांच्या सुरक्षिततेसाठी जाहिरात केलेली त्यातला तुकडा आहे. मूळ व्हिडिओत शेवटी ते मोटरसायकलवाले वळून परत येतात, पोरगं सोडतात आणि बोर्ड दाखवतात की बघा, पोरगं पळवायला एवढाच वेळ लागतो. कुणीतरी तो शेवट कापला. बस एवढंच केलं, बाकी काय एडिटिंग नाही बिडिटिंग नाही, आणि २०१८ ला तेवढ्या कापलेल्या तुकड्यानं देशभर लोकं मारली गेली. अजून फिरतंय ते, कापड फाटंल पण हे फाटत नाही.

कसं बघायचं तर मी काय करतो सांगतो. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढायचा आणि गूगल लेन्सला टाकायचा, जुना असेल तर बऱ्याचदा जुनी बातमी वर येते. दुकानाच्या पाट्या बघायच्या, गाडीची नंबरप्लेट बघायची, पोलिसाचा ड्रेस बघायचा. व्हॉइस नोट असली तर कान देऊन ऐका, सोलापूरचं म्हणून सांगतात आणि बोलणं कुठल्या कुठलं असतं, आपला माणूस "करायलेत" म्हणणार की नाय? गावाचं नाव तेवढं मध्येच वेगळ्या आवाजात चिकटवलेलं पण ऐकलंय मी. आता तर आवाज हुबेहूब तयार करणारी ॲपं आलीत त्यामुळं कानावर पण पूर्ण भरवसा ठेवू नका. तारीख, वार, पोलीस ठाण्याचं नाव नसलं की माझ्यापुरतं ते खोटं. आणि मेसेजवर दोन बाण असले तर ते लई हात फिरून आलंय असं समजायचं. अशा दोन बाणवाल्याला एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतं, त्याच्या आधी २०१८ ला साध्या फॉरवर्डला भारतात पाच चॅटची मर्यादा आणली होती. पण लोकं हुशार, डाऊनलोड करून नवीन म्हणून टाकतात, मग बाण पण जातात.

एक चूक मात्र तुमची झाली साहेब, राग मानू नका. आधी डिलीट मारलं. डिलीट मारायच्या आधी स्क्रीनशॉट काढायचा, कुणी टाकलं, किती वाजता, फॉरवर्डची खूण दिसंल असा, कारण व्हॉट्सॲपचं बोलणं एंड टू एंड एनक्रिप्टेड असतं, पोलिसांना बाहेरनं काही दिसत नाही, आतल्यानं दाखवलं तरच दिसतं. मेसेज दाबून धरून रिपोर्ट केला तर शेवटचे पाच मेसेज कंपनीकडं जातात ते वेगळं. पण आधी पुरावा, मग रिपोर्ट, मग डिलीट.

---

स्पष्ट_बोलतो

सगळे शहाणे झालेत इथं. आणि खरंच टोळी असली तर? पोरं गायब होत नाहीत का? पेपरात आकडे येतात जिल्ह्यात किती अपहरणं झाली ते. शंभर वेळा खोटं निघू दे, एकदा खरं निघालं तर कोण जबाबदार? बाईला थांबवून विचारलं तर आभाळ कोसळलं का, मारलं तर नाही ना.

---

पायरीवरचा_वकील

स्पष्ट_बोलतो, प्रश्न रास्त आहे म्हणून नीट उत्तर देतो. ते आकडे मीपण बघतो आणि ते कसे तयार होतात हे लोकांना माहीत नसतं. अठराच्या आतलं पोर हरवलं अशी तक्रार आली की पोलिसांना अपहरणाचाच गुन्हा नोंदवावा लागतो, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलेलं आहे. म्हणजे दहावीचा निकाल लागल्यावर मामाकडं पळून गेलेला पोरगा, सतरा वर्षाची मुलगी प्रेमात घर सोडून गेली, आईबापाच्या भांडणात बाप पोराला घेऊन गेला, हे सगळं कागदावर 'अपहरण'. नियम चांगलाच आहे, त्यामुळं शोध लगेच सुरू होतो. पण त्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढून खाली किडनी लिहिलं की झाली टोळी तयार. किडनी काढायला ऑपरेशन थिएटर लागतं, रक्तगट जुळावा लागतो, ती काय सीताफळ आहे का काढून पिशवीत टाकायला.

खरंच संशय आला तर ११२ ला फोन, लहान मुलांच्या बाबतीत १०९८. दोन्ही फुकट. संशय पोलिसांना सांगायला कुणाचीच ना नाही, तो फोटोसकट १८५ जणांना सांगण्यात घोळ आहे. आणि "मारलं तर नाही" म्हणताय ते आई चपला न घालता खाली गेली म्हणून.

आता ॲडमिनचं. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ ला सांगितलंय की मेंबरनं टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा मिळून तसा बेत होता असं दिसायला पाहिजे. तेव्हा घाबरून पद सोडू नका. पण टाकणाऱ्यावर मात्र येऊ शकतं. खोटी माहिती, अफवा पसरवून लोकांत भीती किंवा दोन समाजात तेढ निर्माण करणं हे भारतीय न्याय संहितेच्या ३५३ कलमात बसतं, तीन वर्षापर्यंत शिक्षा आहे. "मी फक्त फॉरवर्ड केलं" हा बचाव पोरं मला रोज ऐकवतात. आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मठिकाण असल्या कारणावरून कुणाला ठार मारलं तर कलम १०३ चं दुसरं पोटकलम, फाशी किंवा जन्मठेप. जुन्या आयपीसीत असं वेगळं कलम नव्हतं.

---

मंगळवेढ्याचा

मी सहसा लिहीत नाही. वाचून राहवलं नाही.

आम्ही नाथपंथी डवरी गोसावी. मी सोलापुरात शिकायला आहे, वडील अजून भिक्षेला फिरतात, वर्षातले कितीतरी महिने पालावर. भगवे कपडे, झोळी. तुमच्या त्या व्हॉइस नोटमध्ये "साधूंच्या वेशात" म्हटलंय ना, तो वेश नाही ओ, ते आमचे कपडे आहेत.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा, बाजाराचा दिवस. तिथं पाच जणांना पोरं पळवणारे म्हणून मारलं. एका लहान मुलीशी बोलताना दिसले एवढं निमित्त झालं असं तेव्हा पेपरात आलं होतं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं आणि त्याचे पण व्हिडिओ काढले. ते पाचही आमच्या समाजाचे, बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. सोलापूरची माणसं होती ती, हे सोलापुरातच किती जणांना आठवतंय मला माहीत नाही. माझ्या सख्ख्या नात्यातले नव्हते पण आमच्यात नातं लांबून का होईना लागतंच. मी तेव्हा आठवीत होतो. त्या रात्री आमच्याकडं जेवण झालं नाही, नुसता वडिलांना फोन लावत होतो, ते विदर्भात कुठंतरी होते आणि रेंज नव्हती. सकाळी लागला.

व्हिडिओ मी बघितला नव्हता, शाळेत एकानं आणून दाखवला. त्याला माहीत नव्हतं मी कोण.

तेव्हापासून वडील नवीन गावात गेले की आधी पोलीस ठाण्यात जातात, आधारची झेरॉक्स देतात, सांगतात साहेब आम्ही इतके जण आहोत, इतके दिवस आहोत. कुठं हवालदार चहा देतो, कुठं हाकलतात. पण खरं सांगू, झेरॉक्स कोण वाचतंय. आमच्या आधी आमचा फोटो गावात पोचलेला असतो. त्यामुळं टोळीचा मेसेज एक वेळ परवडला, फोटो नाही. टोळी म्हटलं की लोकं दाराला कडी लावतात. फोटो आला की लोकं शोधायला निघतात.

२०२२ ला जत तालुक्यात लवंग्याला परत तेच झालं. उत्तर प्रदेशचे चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघालेले, वाटेत एका पोराला रस्ता विचारला. जीव वाचला एवढंच.

त्या गुंतवळवाल्या ताईला कुणी जाऊन भेटलं का हो? वर सगळं वाचलं, कायदा, बाण, लेन्स. तिचं कुणी विचारलं नाही.

---

कडक_भाकरी

भावा, वरची कमेंट मी चेष्टेत टाकली होती. माफ कर.

---

पूर्वभागातल्या_बाई

मंगळवेढ्याचा, बाळा, तू लिहिलंस ते बरं केलंस. दामाजीपंतांचं गाव तुझं, दुष्काळात कोठार उघडून दिलं त्यांनी, एवढंच आम्ही पोरांना शिकवलं. राईनपाड्याचं वर्गात कधी काढलं नाही. मीपण नाही.

जुळे_सोलापूरकर, मी ३१ वर्षं शाळेत होते, पूर्व भागात, घरी तेलुगू बोलणारी पोरं निम्मी, बाकी मराठी, कन्नड, उर्दू. तुमच्या काकांचं मला कळतं. त्यांना खोटं पाडू नका. चारचौघांत, म्हणजे ग्रुपवर, "काका हे फेक आहे" लिहिलं की माणूस हट्टाला पेटतो, वय वाढलं की जास्तच. डिलीट करण्याआधी फोन करायचा होता. अजून करा, किंवा घरी जा, त्यांच्या नातवाला काहीतरी खाऊ घेऊन. शेवट न कापलेला तो पूर्ण व्हिडिओ त्यांच्याच मोबाईलवर त्यांनाच लावायला सांगा. आणि म्हणा, काका तुमचा आवाज लोक ऐकतात, तुम्हीच एक व्हॉइस नोट टाका. अफवा आवाजात आली असेल तर खुलासा पण आवाजात गेला पाहिजे, लिहिलेलं लांबलचक कोण वाचतंय. (मी स्वतः एवढं लांब लिहितेय ते सोडा.) आमच्याकडं एकदा असाच मेसेज तेलुगूत आला होता आणि खुलासा सगळा मराठीत, तो निम्म्या म्हाताऱ्यांपर्यंत गेलाच नाही. ज्या भाषेत भीती आली त्याच भाषेत उत्तर द्यावं लागतं.

एक आठवण झाली म्हणून लिहिते, विषय थोडा लांबचा आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं नुसती वाचली तरी शहर कसं होतं ते कळतं. त्याच आठवड्यात संक्रांत, सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वज निघतात. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, लाखो माणूस येतं, त्यात फुगेवाले, खेळणीवाले, डोंबारी, भिक्षेकरी सगळे बाहेरचेच असतात. तुमच्या ग्रुपवरचा फोटो यात्रेच्या आदल्या रात्री आला असता तर काय, या विचारानं मला काल झोप आली नाही.

---

स्पष्ट_बोलतो

मंगळवेढेकर, मला राईनपाडा माहीत होतं पण ते आपल्याकडचे होते हे खरंच माहीत नव्हतं. फोटोचं तुझं पटलं. बाकी माझं मत आहे की पोलिसांनी पण लगेच खुलासा टाकला पाहिजे, दोन दिवसांनी टाकून काय उपयोग, तोवर अफवा तीन तालुके फिरून येते.

---

पायरीवरचा_वकील

हे मात्र बरोबर बोललात. राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टानं झुंडबळीवर निकाल दिला, त्यात प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी, अफवांवर नजर, गुन्हे लगेच नोंदवणं, सगळं लिहिलंय. पोलिसांना त्याची आठवण करून द्यायला अर्ज लागतो, अर्ज मी फुकट लिहून देतो.

---

जुळे_सोलापूरकर

उशिरा लिहितोय, पण लिहायचं ठरवलं होतं.

रविवारी काकांकडं गेलो. पहिली दहा मिनिटं बोललेच नाहीत, काकूंनी शेंगाचटणी-भाकरी पुढं ठेवली आणि त्यावर जरा मोकळे झाले. कराचीचा पूर्ण व्हिडिओ मोबाईलवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणं शोधून ठेवला होता, तो त्यांच्याच मोबाईलवर लावला. शेवटचा बोर्ड आला तेव्हा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले परत लाव. तीनदा बघितला. मग मंगळवेढ्याच्या भावानं लिहिलेलं मी वाचून दाखवलं (तुझी परवानगी न घेता, त्याबद्दल सॉरी). काका काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी काका परत ग्रुपवर आले आणि त्यांची व्हॉइस नोट आली, दीड मिनिटाची, मध्ये दोनदा खोकलेत, "मी टाकलेलं चुकीचं होतं" असं स्वतःच म्हणाले. दोन घरं सोडून राहणाऱ्या मावशींनी तेच तेलुगूत म्हणून टाकलं, त्यांच्या माहेरच्या ग्रुपवर पण गेलं म्हणे.

फोटोवाला अजून फुगून बसलाय. त्याच्या नवीन ग्रुपवर ४० जण आहेत. तिथल्या एकाकडनं स्क्रीनशॉट मिळाला तो पोलीस चौकीत देऊन आलो, त्यांनी ठेवून घेतला, बघू. ग्रुपवर एकच नियम लावलाय, अनोळखी माणसाचा फोटो टाकायचा नाही, संशय असेल तर ११२ ला फोन करायचा आणि फोन केला एवढंच कळवायचं. पाण्याबद्दल काहीही टाका.

आणि मंगळवेढ्याच्या भावा, तू विचारलंस ते. नाही, कुणी भेटलं नव्हतं. आई म्हणाली चल, तर आम्ही दोघं गाडीवर शोधत गेलो, ती कुठं राहते ते आईला अंदाजानं माहीत होतं. बारा वर्षात नाव विचारलेलं नाही हे तिथं गेल्यावर कळलं, गुंतवळवाली म्हणून विचारत फिरलो. त्या पालांवर दोन बायका भेटल्या, म्हणाल्या ती शनिवारीच लेकराला घेऊन बहिणीकडं गेली, कुठं ते सांगितलं नाही त्यांनी. आम्हाला बघून घाबरल्या होत्या, ते पण दिसत होतं. आईनं खिडकीच्या खिळ्याला पिशवीत केस साठवलेत ते तसेच आहेत. कुणाला ती आपापल्या भागात दिसली तर इथं कळवा. फोटो नको, नुसतं कळवा.